आकडा तोच, मग राजहंसगड आज का दिसत नाही?

बेळगावात उंच गच्चीवरून दक्षिणेकडे पाहिलं की येळ्ळूरच्या वर राजहंसगड दिसतो. शहरापासून अंतर साधारण १५ किलोमीटर. एप्रिलच्या दुपारी रस्त्यांवर फुफाटा उडत असतो, झाडांची पानं तांबडी झालेली असतात, तरी गडाची कड आभाळावर स्पष्ट उमटते. जानेवारीत सकाळी नऊ वाजता वारा पडलेला असतो, धुरळा नावाला नसतो आणि गड गायब असतो. या दोन्ही दिवशी हवेतल्या कणांचं वजन घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅमच भरलं, असं सहज होऊ शकतं.

हवेत माल किती आहे ते वजनावरून कळतं, पण तो माल प्रकाशाचं काय करतो ते कळत नाही. ते तीन गोष्टींवर ठरतं: कण केवढा आहे, कशाचा आहे आणि गोल आहे की वेडावाकडा. मराठीत आपण 'आकार' हा शब्द लहान-मोठेपणालाही वापरतो आणि गोल-चपटेपणालाही. त्यामुळे पुढे घोळ नको म्हणून लहान-मोठेपणाला 'माप' म्हणू आणि गोल, चपटा, टोकदार असण्याला 'घडण'.

आधी हिशेब करून टाकू, म्हणजे पुढचं सगळं कशासाठी चाललंय ते लक्षात राहील.

आभाळाच्या पार्श्वभूमीवर काळसर डोंगर किती अंतरापर्यंत ओळखू येईल, याचं एक सोपं सूत्र कोशमीडर या शास्त्रज्ञाने १९२४ साली मांडलं. एका किलोमीटरमागे प्रकाशाचा किती वाटा वाटेतून गळतो तो आकडा घ्यायचा आणि ३.९ ला त्याने भागायचं. उत्तर किलोमीटरमध्ये येतं. गळती काढायची तर प्रत्येक प्रकारच्या कणाला एक भाव लावावा लागतो: एक ग्रॅम माल किती चौरस मीटर प्रकाश अडवतो. जाड धुरळ्याचा भाव ग्रॅममागे साधारण ०.६ चौरस मीटर, कोरड्या सल्फेटच्या (धुरातल्या गंधकापासून हवेत बनणाऱ्या क्षाराच्या) बारीक कणांचा ३ आणि काजळीचा १० च्या आसपास. नुसत्या स्वच्छ हवेचे रेणूही किलोमीटरमागे ०.०११ एवढं गाळतात, ते प्रत्येक वेळी मिळवायचं.

आता ६० मायक्रोग्रॅम जाड धुरळा घ्या. ६० गुणिले ०.६ म्हणजे ३६, किलोमीटरच्या हिशेबात ०.०३६. हवेचे ०.०११ मिळवून ०.०४७. ३.९ भागिले ०.०४७ म्हणजे ८० किलोमीटरच्या पुढे. राजहंसगड अगदी हाताला लागेल असा.

तेच ६० मायक्रोग्रॅम कोरडं सल्फेट असेल तर गळती ०.१९ आणि नजर २० किलोमीटर. गड दिसतो, पण फिका. त्याच सल्फेटने पहाटेच्या ओलाव्यात पाणी ओढलं आणि त्याचा भाव तिप्पट झाला की गळती ०.५५ आणि नजर ७ किलोमीटर. गड बुडाला. यंत्राने कण सुकवून वजन केलं तर आकडा मात्र ६० चा ६०.

आणखी एक उदाहरण. ६० पैकी ६ मायक्रोग्रॅम काजळी आणि बाकी कोरडं सल्फेट. काजळीचे ०.०६, सल्फेटचे ०.१६२, हवेचे ०.०११, मिळून ०.२३३. नजर १७ किलोमीटरच्या आत. वजनात काजळी फक्त दहावा हिस्सा, पण धूसरपणात चौथा.

हे भाव असे का पडतात, ते आता पाहू.

बारीक केलं की वाढतं, पण एका हद्दीपर्यंत

मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन, त्यात हिरवा मध्ये, ०.५५ ला.

एक ग्रॅम वाळू दळून सगळे कण १० मायक्रॉनचे केले आणि त्या सगळ्यांच्या सावल्या एकमेकींवर न पडू देता शेजारी-शेजारी मांडल्या, तर त्या जवळपास एका ए-फोर कागदाएवढ्या जागेत मावतील. तोच ग्रॅम ०.५ मायक्रॉनपर्यंत दळला तर वीस कागद लागतील. माल तेवढाच, सावली वीसपट. शिवाय प्रकाश ही लाट आहे, ती कणाच्या कडेनेही वळते. त्यामुळे मोठा कण स्वतःच्या सावलीच्या दुप्पट प्रकाश वाटेतून बाजूला काढतो आणि तरंगलांबीच्या तोडीचा कण त्याहून जास्त. सल्फेटसारख्या पारदर्शक गोल कणाचा जोर ०.७ मायक्रॉनच्या आसपास सर्वांत जास्त असतो. तिथे तो सावलीच्या चौपटीजवळ प्रकाश अडवतो.

त्याहून बारीक करत गेलो की मात्र उलटा प्रकार होतो. कण लाटेपेक्षा फारच लहान झाला की लाटेला तो जाणवेनासा होतो. कणाचा घेर भागिले तरंगलांबी, हा आकडा इथे उपयोगी पडतो. तो १ पेक्षा बराच लहान असेल तर कण रेणूंसारखा वागतो. १८७१ मध्ये लॉर्ड रॅले यांनी दाखवलं, की अशा बारीक कणांकडून विखुरण्याचं प्रमाण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त असतं, म्हणजे लाट आखूड तेवढं विखुरणं जास्त. निळा प्रकाश तांबड्याच्या चौपटीहून जास्त विखुरला जातो आणि आभाळ निळं दिसतं ते त्यामुळेच. हा आकडा १ ते १० च्या घरात आला की सोपा नियम चालत नाही. तिथे १९०८ मध्ये गुस्ताव मी यांनी गोल कणांसाठी सोडवलेलं गणित लागतं. आणि आकडा फार मोठा झाला की सगळे रंग सारखेच विखुरतात, म्हणून धुकं पांढरं.

इथे जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. धुक्याचे थेंब १० मायक्रॉनच्या आसपास असतात, ते रंगात भेद करत नाहीत. तवंदी घाटात धुक्यात पिवळा दिवा 'धुकं कापतो' असं म्हणतात. त्यात रंगाचा वाटा जवळजवळ नाही. दिवा खाली बसवलेला आणि झोत खाली वळवलेला असतो, म्हणून चालकाच्या नजरेच्या रेषेत उजळलेलं धुकं कमी येतं. धुक्यात मोठा झोत लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते, तीही याच कारणाने.

कवडशातली धूळ कुठून दिसते

कौलारू घरात कौल सरकलेलं असलं की दुपारी जमिनीपर्यंत कवडसा उतरतो आणि त्यात धूळ नाचताना दिसते. उन्हाकडे पाठ करून त्याच कवडशाकडे पाहा, म्हणजे ऊन तुमच्या खांद्यामागून येईल असं. धूळ जवळजवळ दिसणार नाही. आता पलीकडे जाऊन ऊन तुमच्याकडे येतंय अशा बाजूने, पण भोक थेट डोळ्यात येऊ न देता पाहा. कणन् कण पेटल्यासारखा दिसेल.

काही मायक्रॉनचा कण विखुरलेला बहुतेक प्रकाश पुढेच, मूळ दिशेच्या अगदी जवळ फेकतो. पुढच्या बाजूला दहा अंशांवर मिळणारा प्रकाश मागच्या बाजूच्या तुलनेत शेकडो पट असू शकतो. संध्याकाळी मावळतीकडे गाडी चालवताना काचेवरची धूळ अचानक आंधळं करते आणि वळण घेतलं की काच स्वच्छ वाटते, ती याच स्वभावामुळे. हा स्वभाव लक्षात ठेवा, शेवटी फौंड्रीत (धातूच्या ओतशाळेत) लागणार आहे.

शहापूर-वडगावच्या मागाच्या घरात कवडसा पाहिला तर आणखी एक गोष्ट दिसते. सुताचा बारीक तंतू हवेत फिरताना सतत सारखा उजळ राहत नाही, तो लुकलुकतो. आडवा आला की चमकतो, टोक आपल्याकडे झालं की विझतो. गोल थेंब कसाही फिरला तरी तसाच दिसतो. घडणीचा प्रकाशावर होणारा परिणाम उपकरणाशिवाय पाहायचा तर याहून सोपी जागा नाही.

कण कशाचा आहे

कागदावर तेलाचा थेंब पडला की तेवढा भाग अर्धपारदर्शक होतो. कागदाचे तंतू मुळात पारदर्शकच. त्यांचा अपवर्तनांक, म्हणजे पदार्थ प्रकाशाला किती वळवतो तो आकडा, दीडच्या आसपास, मधल्या हवेचा १. प्रकाश या दोन्हींच्या सीमेवर वळतो, परततो, विखुरतो आणि कागद पांढरा दिसतो. तेलाचा अपवर्तनांक १.४७. तो तंतूंच्या जवळचा, म्हणून सीमा पुसट होते आणि प्रकाश आरपार जातो. कण आजूबाजूच्या हवेपेक्षा जेवढा वेगळा, तेवढं विखुरणं जास्त. पाणी १.३३, अमोनियम सल्फेट १.५३, मीठ आणि गारगोटीची वाळू १.५४ च्या आसपास. हे सगळे प्रकाश विखुरतात, पण गिळत नाहीत.

गिळणाऱ्यांत पहिली काजळी. तिचा अपवर्तनांक जवळपास १.९५, आणि जो प्रकाश भेटतो त्यातला बराचसा ती उष्णतेत बदलते. दुसरा गिळणारा तांबड्या मातीतला लोहाचा ऑक्साइड, हेमॅटाइट. तो निळा आणि हिरवा प्रकाश गिळतो, तांबडा सोडतो. खानापूरकडच्या जांभ्याच्या रस्त्यावरून ट्रक गेला की मागे तांबूस ढग उठतो, तर अथणी-गोकाककडच्या काळ्या रानातला धुरळा करडा दिसतो. माप सारखंच असेल, रंग मालाचा आहे. तिसरा गिळणारा लाकूड, शेण्या, पाला अर्धवट जळताना निघणारा तपकिरी डांबरट माल. तो निळा आणि अतिनील प्रकाश जास्त गिळतो. उसाचा पाला पेटवलेल्या फडावरून सूर्य पिवळट-तपकिरी दिसतो, त्यात याचा हात असतो.

गुऱ्हाळावर ही सगळी शाळा एका धुराड्यात भरते. चुलवाणात वाळलेली चिपाडं भडकून जळत असताना धुराड्यावर फारसं काही दिसत नाही. जे दिसतं ते मागे झाडांची काळोखी असेल तर निळसर आणि मागे उजळ आभाळ असेल तर तपकिरी. दोन्ही वेळी धूर तोच. बारीक कण निळा प्रकाश बाजूला फेकतात. बाजूने पाहणाऱ्याला तो मिळतो आणि आरपार पाहणाऱ्याला निळा वजा जाऊन उरलेला. ओली चिपाडं घातली की क्षणात दाट पांढरा लोट उठतो. ती वाफ असते आणि न जळता उडालेल्या डांबराचे गोल थेंब. थेंब तरंगलांबीच्या तोडीचे, प्रकाश फारसा न गिळणारे, म्हणून डोळ्यांत भरतात. हवा कमी पडून ज्योत कोंडली की धूर काळा. पांढरा धूर म्हणजे स्वच्छ धूर, ही समजूत काढून टाकायला हवी. पांढऱ्या लोटात न जळलेलं जळणच वर चाललेलं असतं आणि ते छातीलाही तेवढंच बाधतं.

आता पाणी, कारण जानेवारीतला गड बुडवतं ते तेच. अमोनियम सल्फेटचा कोरडा कण ही एक स्फटिकाची कणी. हवेतली आर्द्रता हळूहळू वाढवली तरी तो ढिम्म राहतो आणि ८० टक्क्यांच्या आसपास एकदम विरघळून थेंब होतो. मिठाच्या कणाचं हे ७५ टक्क्यांना होतं. डब्यातल्या मिठाला पावसाळ्यात पाणी सुटतं ते हेच. ९० टक्के आर्द्रतेला सल्फेटच्या कणाचा व्यास साधारण १.७ पट होतो. अपवर्तनांक पाण्याकडे झुकतो, त्यामुळे थोडा जोर कमी व्हायला हवा, पण वाढलेल्या मापापुढे तो तोटा किरकोळ ठरतो. प्रकाश अडवणं कित्येक पट वाढतं.

खरी मेख पुढे आहे. ऊन वर आलं, आर्द्रता ८० च्या खाली गेली, म्हणून थेंब लगेच स्फटिक होत नाही. विरघळलेला थेंब आर्द्रता ३५-४० टक्क्यांवर येईपर्यंत ओलाच राहतो, फक्त आकसत जातो. त्यामुळे ५० टक्के आर्द्रतेला हवेत कोरडे कण आहेत की ओले, हे त्या क्षणाची आर्द्रता पाहून सांगता येत नाही; रात्री काय झालं होतं ते पाहावं लागतं. सकाळी दाट धुकं पडून गेल्यावर अकराच्या उन्हातही गड दुधाळ दिसतो आणि कोरड्या रात्रीनंतर त्याच आर्द्रतेला स्वच्छ दिसतो.

घडण

गुस्ताव मी यांचं गणित गोलासाठी आहे आणि थेंबांना ते चोख लागू पडतं. धुरळ्याला नाही.

समान घनफळाच्या सगळ्या वस्तूंत गोलाचा पृष्ठभाग सर्वांत कमी असतो. ज्या वस्तूला खाचखळगे नाहीत ती सगळ्या दिशांना फिरवत राहिली तर तिची सरासरी सावली पृष्ठभागाच्या बरोबर चौथा हिस्सा भरते, असा भूमितीचा नियम आहे. त्यामुळे तेवढ्याच मालाच्या घनाची सरासरी सावली गोलापेक्षा २४ टक्के जास्त. लांबी-रुंदी १० आणि जाडी १ अशी चौकोनी वडी घेतली तर सावली गोलाच्या २.३ पट. काळ्या मातीतली चिकणमाती अशाच पातळ पापुद्र्यांची असते. जाड धुरळा गोल धरून हिशेब केला की एकूण विखुरणं कमी येतं, त्याचं मुख्य कारण हे.

एकूण रकमेपेक्षा मोठा फरक दिशेत पडतो. पुढच्या बाजूला, मूळ दिशेजवळ, गोल आणि वेडावाकडा कण जवळपास सारखेच वागतात, कारण तिथे फक्त सावलीचं माप मोजलं जातं. बाजूला आणि मागे गोष्ट बदलते. गोल थेंबातून प्रकाश ठरलेल्या वाटांनी बाहेर पडतो, म्हणून काही कोनांवर तो एकवटतो. इंद्रधनुष्य त्यातूनच येतं. गारगोटीच्या टोकदार कणात कुठलीच वाट पक्की नसते, प्रत्येक कण वेगळ्या कोनात तिरपा असतो, म्हणून प्रकाश सपाट पसरतो. ९० ते १५० अंशांच्या पट्ट्यात वेडेवाकडे कण गोलापेक्षा जास्त प्रकाश देतात आणि थेट मागे, १८० अंशांजवळ, कमी. धुळीच्या ढगात इंद्रधनुष्य कधी पडत नाही.

उपग्रह नेमका याच बाजूच्या आणि मागच्या कोनांत पाहतो. उन्हाळ्यात अरबस्तानाकडून समुद्रावरून येणारी धूळ गोल धरली तर काही कोनांवर धूळ आहे त्यापेक्षा जास्त आणि काहींवर कमी मोजली जाते. म्हणून आता धुळीसाठी गोलाऐवजी लंबगोल कणांचं मिश्रण धरतात. धुळीचा कण खरं तर लंबगोलही नसतो, पण वेगवेगळ्या लांबटपणाचे पुष्कळ लंबगोल एकत्र केले की कोनांचा सरासरी नकाशा खऱ्या धुळीजवळ येतो.

घडण ओळखायचा सर्वांत भरवशाचा मार्ग ध्रुवणाचा. लेझरची लाट एका ठरलेल्या प्रतलात डोलते. गोल थेंबावरून ती थेट मागे परतली तर त्याच प्रतलात राहते. वेडावाकडा कण तिला थोडं पिळतो. परतलेल्या प्रकाशात मूळ प्रतलाला काटकोनात असलेल्या प्रतलाचा वाटा मूळ प्रतलातल्या वाट्याच्या किती, हे प्रमाण काढतात. थेंबासाठी शून्याजवळ, धुळीसाठी ०.३ च्या आसपास. २००६ ते २०२३ या काळात कॅलिप्सो उपग्रहाने हिरव्या लेझरने जगभर हे मोजलं आणि धूळ व धूर वेगळे ओळखता आले.

काजळी याच खात्यात, पण तिची तऱ्हा निराळी. ताज्या काजळीचा कण म्हणजे ०.०२ ते ०.०५ मायक्रॉनच्या मण्यांची विस्कटलेली माळ, फांद्या फुटलेल्या बोराटीसारखी. मणी इतके बारीक, की प्रत्येक मणी स्वतंत्रपणे प्रकाश गिळतो. कुणी कुणाच्या आड येत नाही. हवेत काही तास काढले की माळेवर सल्फेट, डांबरट माल, पाणी यांचं आवरण बसतं आणि ओलाव्याने ती आकसून गोळा होते. आवरण भिंगासारखं काम करतं, आतल्या काजळीकडे जादा प्रकाश वळवतं. त्यामुळे जुनी काजळी ग्रॅममागे ताज्याहून जास्त गिळू शकते. हायवेवर ट्रकच्या नळीतून निघालेली काजळी आणि रात्रभर दरीत कुजलेली काजळी वजनात एक भरली तरी प्रकाशाला वेगवेगळी लागते.

साखर कारखान्याच्या धुराड्यातून गच्चीवर पडणारी काळी भुकटी या सगळ्यात बसत नाही. ती डोळ्यांना दिसते एवढी मोठी, वाळत घातलेल्या कपड्यांवर लवकर पडते आणि गड झाकण्यात तिचा वाटा नगण्य.

घरातलं स्वस्त यंत्र कुठे चुकतं

काही हजारांना मिळणाऱ्या हवा मोजणाऱ्या डबीत एक पंखा, एक तांबडा लेझर आणि त्याला काटकोनात बसवलेला प्रकाशाचा डोळा असतो. कण झोतातून गेला की डोळ्याला चमक दिसते, चमकेवरून आतला प्रोग्राम माप ठरवतो, मापावरून वजन. मधे धरून चाललेल्या गोष्टी तीन: कण गोल आहे, अपवर्तनांक ठरलेला आहे, घनता ठरलेली आहे. जुळवणी केली तेव्हा जो धूर वापरला असेल त्याच धुराला ती डबी खरी.

हवेतली आर्द्रता ७५-८० टक्क्यांच्या वर गेली की डबी कणाबरोबर पाणीही मोजते आणि आकडा दुप्पट-तिप्पट दाखवते. सरकारी केंद्रात हवा आधी सुकवून घेतात, म्हणून पहाटे दोन्ही आकड्यांचा मेळ बसत नाही. डबी बिघडलेली नसते. जाड धुरळा पंख्याच्या मंद ओढीने झोतापर्यंत नीट पोहोचतच नाही, म्हणून या डबीवरचा पीएम १० चा, म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांच्या वजनाचा, आकडा सोडून द्यावा. तो बहुतेक वेळा पीएम २.५ वरून, म्हणजे २.५ मायक्रॉनपर्यंतच्या कणांच्या वजनावरून, अंदाजाने काढलेला असतो. आणि ०.३ मायक्रॉनच्या खालची ताजी काजळी तिला जवळजवळ दिसत नाही, कारण इतका बारीक कण प्रकाश फारच थोडा फेकतो, त्यात काजळी तो गिळते. रस्त्याला लागून असलेल्या घरात डिझेलचा वास येतोय आणि डबी हिरवी, यात आश्चर्य नाही.

डबी वापरायचीच तर सावलीत, पावसाचा शिंतोडा येणार नाही अशा वळचणीला, स्वयंपाकघराच्या वाफेपासून आणि देवघराच्या उदबत्तीपासून लांब ठेवावी. शेजारी आर्द्रतामापक असावा आणि ७५ टक्क्यांवरच्या नोंदी वेगळ्या काढाव्यात. जमेल तर दोन आठवडे सरकारी केंद्राच्या जवळ ठेवून रोजच्या सरासऱ्या ताडून पाहाव्यात. मोसम बदलला की ही ताडणी पुन्हा करावी लागते. गाळपाच्या दिवसांत ताडून काढलेला गुणक मे महिन्यातल्या धुळीला लागू होत नाही. आपल्याकडे पीएम २.५ ची २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, तीही सुकवलेल्या मालाच्या वजनाची.

उद्यमबागेत दिवा कसा धरायचा

उद्यमबाग हा बेळगावचा कारखान्यांचा भाग. तिथल्या फौंड्रीत दोन प्रकारचे कण एकत्र असतात. ओतकाम करताना उठणारा धूर बारीक, गोल मण्यांच्या माळांचा, डोळ्यांना लगेच दिसणारा. साचा फोडताना, वाळू चाळताना, कास्टिंग घासताना उडणारी सिलिकाची धूळ टोकदार. तिच्यातला जाड भाग दिसतो आणि खाली बसतो. फुप्फुसाच्या तळाशी जाऊन सिलिकोसिस हा आजार करणारा ४-५ मायक्रॉनच्या आतला भाग शेडच्या साध्या उजेडात दिसत नाही. काम करणारा म्हणतो, धूळ नाही. त्याच्या नाकासमोरून ती चाललेली असते.

ती दिसावी म्हणून कवडशाचाच उपाय करतात. अरुंद आणि दूरपर्यंत सरळ जाणारा झोत देणारी जोरकस बॅटरी लागते, पसरट उजेडाची चालत नाही. बॅटरी स्टँडवर बसवून झोत कामाच्या जागेतून, कामगाराच्या तोंडासमोरच्या हवेतून आरपार जाईल असा लावायचा. पाहणाऱ्याने पलीकडे, बॅटरीच्या समोर उभं राहायचं आणि झोताच्या रेषेपासून थोडं, पाच ते पंधरा अंश, बाजूला. बॅटरीचं तोंड थेट डोळ्यात येऊ नये म्हणून मधे काळा पुठ्ठा धरायचा. मागची बाजू काळी असेल तर उत्तम, नसेल तर काळं कापड टांगायचं. शेडचे दिवे शक्य तेवढे कमी करायचे, पण काम थांबवायचं नाही, कारण पाहायचं आहे ते चालू कामातलंच. मोबाइलवर व्हिडिओ घ्यायचा तर उजेडाची सेटिंग हाताने बांधून ठेवावी, नाही तर कॅमेरा आपोआप सगळं सारखं करून टाकतो.

नेहमी होणारी चूक म्हणजे बॅटरी स्वतःच्या हातात घेऊन तिच्या मागून पाहणं. मागे परतणारा प्रकाश या मापाच्या कणांकडून अगदी थोडा मिळतो, त्यात टोकदार कण थेट मागे आणखी कमी देतात. काही दिसत नाही आणि धूळ नाही असा शेरा मारला जातो. तीच बॅटरी पलीकडे नेली की घासणाऱ्याच्या मनगटापासून त्याच्या चेहऱ्यापर्यंत वर चढणारा ढग दिसतो. शोषक नळीचं तोंड एक वीत जवळ आणल्यावर तो ढग वळतो का, हेही तिथल्या तिथे कळतं.

या दिव्याला किती ते कळत नाही, फक्त कुठून आणि कुठे ते कळतं. पुढच्या बाजूला गोल आणि टोकदार कण सारखेच चमकतात, म्हणून सिलिका, तेलाची वाफ आणि पाण्याचा फवारा यांत तो भेद करत नाही. पाणी मारलेल्या वाळूवर दिसणारा लखलखाट नुसत्या थेंबांचाही असू शकतो. सिलिका किती आहे ते ठरवायचं तर कामगाराच्या कॉलरला छोटा पंप आणि बारीक कण वेगळे करणारं सायक्लोन लावून पूर्ण पाळीभर हवा ओढावी लागते, फिल्टर तोलावा लागतो आणि त्यातला स्फटिकरूप भाग प्रयोगशाळेत मोजावा लागतो. पंप कुणाच्या कॉलरला लावायचा, ते आधी दिव्याने ठरवावं.